आठवा दिवा

“पाव्हणं, उठा तिथून. समाधी हाय ती.”

माणिकगीरने हे मान न वळवताच सांगितलं. एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात पेटता काकडा, आणि तो ओळीतल्या तिसऱ्या समाधीपुढे वाकलेला होता. दिवे लावायला सुरुवात केली की मध्ये थांबायचं नाही, असा मठाचा दंडक. त्यामुळे पाहुण्याला तेवढी ताकीद देऊन त्याने लगेच पुढचं नाव घेतलं.

“बळीगीराचे थानगीर.”

पाहुणा उठला नाही. मठाच्या आवारात येणारी माणसं कुठेही टेकतात. त्यांना समाधी आणि धुण्याचा दगड सारखाच. माणिकगीरला याची सवय होती. थानगीराचे लालगीर, लालगीराचे देवगीर, देवगीराचे भवानगीर, भवानगीराचे मोतीगीर, असं करत तो सातवा दिवा लावून ओळीच्या टोकाशी आला. उरली ती आठवी समाधी, आणि तिच्यावर उपरणं पांघरून हा बसलेला.

“कोणाची म्हणलात?” पाहुण्याने विचारलं.

“माझ्या थोरल्या भावाची.”

“कवा गेला?”

“लई वर्सं झाली. उठा आता, वात लावू द्या.”

पाहुणा उठला. त्याने धोतर झटकलं, ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा बघून घेतली आणि म्हणाला, “आन माय कुठं हाय?”

माणिकगीरचा हात थबकला. मठात येणारे लोक सोमगीर महाराजांचं विचारत, नवसाचं विचारत, भाकरीचं विचारत. मायचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. बायका या ओळीत नव्हत्याच. त्यांना मागच्या भिंतीशी निंबाखाली माती मिळे. दगड नाही, दिवा नाही, कुणी नाव घेणं नाही. तिथलं विचारणारा माणूस जगात एकच असू शकत होता, आणि तो तर या दगडाखाली होता.

त्याने काकडा वर धरला. समोरची गालफडं बसली होती, मिशी पिकली होती. पण डाव्या भुवईत केस न उगवलेला तुकडा तसाच होता. त्याच निंबावरून पडल्याची खूण.

“मागं. निंबाखाली,” तो म्हणाला. मग दंडक तो दंडक, म्हणून पुढे म्हणाला, “दादा, जरा सरक. तुझा दिवा राहिला.”

उद्धवगीर सरकला. माणिकगीरने पणतीत तेल घातलं, वात पेटवली आणि भावाच्या समोर, खालच्या आवाजात, रोजचं वाक्य पुरं केलं.

“मोतीगीराचे उद्धवगीर.”

मठाची वाडी हे शिरड शहापूर आणि जवळा बाजार यांच्या मधलं लहानसं गाव. तिथे गोसाव्यांचं घर हे एकच. घरबारी गोसावी; म्हणजे संसारही करायचा आणि डोक्याला भगवा पटकाही बांधायचा. मेल्यावर जाळायचं नाही, मांडी घालून बसवायचं, भोवती मीठ भरायचं आणि माती द्यायची. मूळपुरुष सोमगीर कुठून आला हे कुणाला ठाऊक नाही, पण जाताना तो नियम घालून गेला. थोरल्या मुलाने गादीवर बसायचं. रोज तिन्हीसांजेला सोमगीरापासून स्वतःच्या बापापर्यंत एकेकाचं नाव घेऊन दिवा लावायचा. थोरला जिवंत असेतो धाकट्याने त्या दिव्यांना हात लावायचा नाही. आणि गादीवर बसलेल्याने गावाच्या शिवेबाहेर रात्र काढायची नाही, जन्मात नाही. एवढ्या विरक्त पुरुषाने आपल्याच पोरानातवंडांवर असा कसला राग धरला होता, कळत नाही. मठाची जमीन मात्र चांगली काळी होती, आणि तिच्यामुळे सगळे हा नियम पाळत आले.

पाळला नाही तो उद्धवगीरने. मोतीगीरचे डोळे गेले तसं त्याने थोरल्याला गादीवर बसवायचं ठरवलं, दसऱ्याचा दिवस धरला, आणि दसऱ्याच्या पहाटे थोरला घरात नव्हता. संक्रांतीपर्यंत म्हाताऱ्याने वाट पाहिली. दिवे कोण लावणार? स्वतःला दिसत नाही, थोरला जिवंत असेतो धाकट्याला चालत नाही. तेव्हा त्याने थोरल्याला मारून टाकलं. कडब्याचा माणूस केला, त्याला उद्धवगीरचं धोतर नेसवलं, त्याची निळी बंडी घातली, खड्ड्यात बसवला, गळ्याइतकं मीठ भरलं. अशा वेळी पहिली मूठ धाकट्या भावाची असते.

माणिकगीर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हिंगोलीत कापसाच्या एका जिनिंगमध्ये मिस्तरीच्या हाताखाली लागून त्याला आठवडा झाला होता. फिरत्या चाकावर पट्टा कसा चढवायचा हे नुकतंच हाताला समजायला लागलं होतं. निरोप आला म्हणून तो आला, बापाने “घाल माती” म्हटलं, तो “बरं” म्हणाला आणि मूठ सोडली. तिथे हिंगोली संपली.

त्यानंतर शिवेबाहेर एकही रात्र नाही. त्याचं लग्नसुद्धा मठाच्या अंगणात लागलं, कारण नवरीच्या गावी जायचं तर मुक्काम आला. इतरांच्यात नवरा वऱ्हाड घेऊन जातो, इथे नवरीच वऱ्हाड घेऊन आली; गावाने त्यावर वर्षभर हसून घेतलं. आदल्या वर्षी रझाकारांच्या भीतीने सगळं गाव गाड्या जुंपून वाशिमकडे निघालं, तेव्हा बायको चतुराबाईला त्याने तातेराव पाटलाच्या गाडीत बसवून दिलं आणि स्वतः राहिला. ओस गावात कुत्री आणि माणिकगीर. एकदा घोड्यावरची टोळी आवारात शिरली. दिवे बघून त्यांच्यातला एक जण म्हणाला, “ये किसकी कबरां हैं?” माणिकगीर म्हणाला, “बाप-दादों की.” “तू नै भागा?” “मेरेकू जाने का हुकूम नै.” ते हसले, घोड्यांना पाणी पाजलं आणि गेले. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, गाव परतलं. ज्याच्या त्याच्या तोंडी वाशिमच्या पेठेच्या आणि आकोल्याच्या आगगाडीच्या गोष्टी. पळून जायची सुद्धा ज्याला मुभा नाही असा गावात हा एकच.

रात्री चतुराबाईने भाकरी आणि पिठलं वाढलं. हा थोरला दीर तिने कधी पाहिला नव्हता; त्याच्या समाधीपुढचं मात्र ती रोज झाडत आली होती. ती पदर पुढे ओढून चुलीपाशी बसली आणि कान देऊन ऐकत राहिली.

“आत काय घातलं माझ्या नावानं?” उद्धवगीरने विचारलं.

“कडबा. तुझी बंडी घातली त्याला.”

“निळी?”

“व्हय.”

“अरे, घाईत ती ऱ्हायली म्हणून म्या वाशिमपर्यंत हळहळलो.” तो हसला, पण घास हातातच राहिला. “बाबा काही बोलला का? जाताना?”

“तुझंच नाव घेत होता. आमी म्हणलं, थोरला तर आधीच गेला. तर म्हणे, व्हय की, इसरलोच.”

उद्धवगीरने हातातला घास ताटात ठेवला. मग त्याने आपलं सांगितलं. कामाने वाशिमला गेला असताना तिथल्या निर्वासितांच्या छावणीत गावची माणसं भेटली. कोण आहोत ते न सांगता त्याने मठाची चौकशी केली, तेव्हा आईबाप दोघंही गेल्याचं कळलं. तेव्हापासून मन लागेना. एकदा समाधीवर डोकं ठेवावं म्हणून आला. आकोल्याला उशिराने लग्न केलं, दोन लेकरं आहेत, धाकटं अजून रांगून राहिलं.

“आन काम काय करतू?”

उद्धवगीरने ताटाकडे बघितलं. “जिनिंगमधी. मिस्तरी हाय.”

माणिकगीर पिठल्यात बोट फिरवत राहिला. वाईट वाटलं का, तर हो, फार वाटलं. आपलं जेवण दुसरा जेवून गेला आणि वर ढेकरही दिला नाही, असं काहीसं वाटलं. पण भाऊ दमून आला होता, आणि कंदिलाच्या उजेडात त्याच्या नखांतलं काळं तेल दिसत होतं. ते तेल धुऊन जात नाही. आठवडाभरात माणिकगीरला तेवढं कळलं होतं.

सकाळी चतुराबाईने तोंड उघडलं. ती बाई कमी बोलायची, आणि बोलली की त्यातून निसटायला दार-खिडकी नसे.

“दादा, तुमी आलात ते बरं झालं. आमची सरला पुसेगावला दिली हाय. दुसऱ्या बाळंतपणापासून खाटल्यावर हाय. म्या दोनदा जाऊन आले. दर वक्ताला इचारती, आबा काहून येत न्हाईत. तिचं घर सुदिक पाह्यलं न्हाई यांनी. चार रात्री दिवे लावा, यांना जाऊन येऊ द्या.”

“अगं, दिव्याला हात कसा लावील तो?” माणिकगीर म्हणाला. “माती दिलेली हाय.”

“मग माती काढू की,” उद्धवगीर म्हणाला. “माझीच हाय. खाली कडबा हाय, माणूस थोडंच हाय.”

माणिकगीरला वाटलं, थट्टा करतोय. पण उद्धवगीर फावडं कुठे आहे ते विचारत होता.

निघता निघता दुपार कलली. वाती किती जाड, तेल किती, वारा सुटला तर काय करायचं, हे सगळं सांगून झालं. नावं सांगायची गरज पडली नाही. उद्धवगीरने सोमगीरापासून मोतीगीरापर्यंत एका दमात म्हणून दाखवली. “इसरायला लई बघितलं,” तो म्हणाला, “आकोल्यात रोज पट्टा चढवताना तोंडात तेच येतं.”

शिवेवर एक लहान खिंड आहे, तिच्या माथ्यावर वाकडी बाभूळ. तिथे पोचेपर्यंत दिवस मावळला. माणिकगीर त्या बाभळीपर्यंत किती वेळा आला होता, पण नेहमी उजेडी, आणि नेहमी परत फिरण्यासाठी. आता तो वळून उभा राहिला. गाव अंधारात गेलं होतं. मग खाली एक ठिपका लागला. मग दुसरा. त्याच्या ओठांनी आपोआप नावं घेतली. सात ठिपके एका रेषेत लागले आणि तिथेच थांबले. आठवा लागला नाही.

दिवे बाहेरून कसे दिसतात हे त्याला आज कळलं. ज्वारीचे दाणे ओळीने मांडावेत तेवढे ते होते. एवढ्यासाठी आपण जन्म घालवला, असं मनात आलं. आणि लगेच, किती छान दिसतात, असंही मनात आलं. दोन्ही खरं होतं. बाभळीला हात लावून तो पलीकडे उतरला.

ती रात्र त्याने जवळा बाजारात बाजाराच्या ओट्यावर काढली, सकाळी मोटार धरली, पुढे मिळेल त्या गाडीने पुसेगाव गाठलं. सरला दारात गोधडी पांघरून बसली होती. वाळून अर्धी झाली होती. बापाला बघून ती आनंदायच्या आधी घाबरली.

“आबा? आन दिवा?”

“लावणारा हाय. तुझा थोरला काका आला.”

“तो मेलेला काका?”

“व्हय. तोच.”

ती हसली, खोकली आणि पुन्हा हसली. त्याने घर बघितलं. पाण्याचा रांजण कुठे, चूल कुठे, ती निजते ती खोली, तिची गाय. ज्या घराच्या गोष्टी तो बायकोच्या तोंडून ऐकत आला होता ते कल्पनेपेक्षा लहान होतं आणि तिथला उंबरा जास्त उंच होता. दुसरं नातवंड मांडीवर घेऊन तो दिवसभर बसला. मुलीच्या कपाळाला हात लावला की ताप आहे की नाही हे कळतं, यासाठी कुणाला विचारावं लागत नाही, ही गोष्ट त्याला मोठी वाटली.

तिन्हीसांज झाली तसा तो उठून अंगणात फेऱ्या घालायला लागला. सरलेची सासू नर्मदाबाई बघत होती. ती म्हणाली, “इवाई, तुळशीपाशी दिवा लावता का? हाताला काम पायजे तुमच्या.”

त्याने दिवा लावला. तोंडातून “सोमगीर” निघालं आणि तो ओशाळून थांबला. सरला हसता हसता रडायला लागली.

“आबा, आता येत राहताल ना?”

“येईन,” तो म्हणाला. “आता दादा हाय. सणावाराला येईन. कंटाळशील एवढं येईन.”

हे बोलताना तो मनापासून बोलत होता. दुसऱ्या सकाळी तिने कण्हत उठून स्वतःच्या हाताने त्याला वाटेची भाकर बांधून दिली. परतीच्या वाटेवर, मोटारीतल्या फळीवर बसून, आयुष्यात पहिल्यांदा तो पुढच्या वर्षाचा विचार करत होता.

मठात शिरला तेव्हा दुपार टळली होती आणि अर्धं गाव आवारात बसलेलं होतं.

आठव्या समाधीचा दगड बाजूला उभा केला होता. खड्डा उघडा होता. आत मिठाचे घट्ट झालेले खडे आणि वाळवीची माती. कडब्याचं काही उरलं नव्हतं. काठावर निळ्या कापडाची बोटभर चिंधी ठेवलेली होती. खड्ड्यापलीकडे घोंगडीवर उद्धवगीर बसला होता आणि त्याच्यापुढे ताटात भगवा पटका घडी करून ठेवला होता.

“या, माणिकबुवा,” तातेराव पाटील म्हणाले. “बरं झालं आलात. सुटलात तुमी.”

पाटलांनी समजावून सांगितलं. पहिल्या रात्री सातच दिवे दिसले म्हणून माणसं बघायला आली, तर खड्डा उघडा आणि उद्धव दिवे लावतोय. लहानपणी त्याच्याबरोबर पाटील विटीदांडू खेळले होते. ओळखायला वेळ लागला नाही. मग गावाने विचार केला. थोरला जिवंत, आणि एवढी वर्षं धाकट्याच्या हाताने दिवा. दोन वर्षं कापसाला बोंड धरलं नाही, घरंदारं टाकून पळावं लागलं, विहीर आटली; आता कारण सापडलं.

“तुमचा काही गुन्हा न्हाई बुवा. तुमाला तरी काय ठावं. पण आता थोरल्यानं बसावं हे बराबर हाय. तुमी मोकळे. पोरीकडं जावा, कुठंबी जावा.”

माणिकगीरने भावाकडे पाहिलं. उद्धवगीर ताटातल्या पटक्याकडे बघत होता.

“राहतो म्या, माणिक,” तो म्हणाला. “तू लई केलं. न्हाई म्हणाया मला तोंड न्हाई.”

“आन आकोल्याचं?”

“बघू. आणता आली तर आणीन त्यांना.”

विहिरीत उतर म्हणून सांगितलेल्या माणसाचा तो आवाज होता. माणिकगीरने तो ओळखला. बापाने माती घाल म्हटल्यावर “बरं” म्हणाला होता, तेव्हा त्याच्या तोंडून असाच आवाज निघाला होता, आणि तेव्हा आवारात इतकीच माणसं असून कुणालाच तो ऐकू आला नव्हता.

आता त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की संक्रांतीला पुसेगाव, होळीला पुसेगाव, नातवाचं जावळ, सरलेचं कपाळ. मोह फार झाला. चतुराबाई दारात उभी होती आणि डोळ्यांनी त्याला तेच सांगत होती: गप्प राहा. तो राहिलाही, थोडा वेळ. पण नजर पुन्हा पुन्हा उद्धवगीरच्या नखांकडे जाई. ते काळं तेल इथे हळूहळू निघून गेलं असतं. वर्षभरात हात स्वच्छ झाले असते, आणि आकोल्यात रांगणारं लेकरू चालायला लागलं असतं.

तो भिंतीकडे गेला आणि फावडं उचललं.

“पाटील, या खड्ड्यात माती कोणं दिली?”

“तुमीच की.”

“मग उठला का न्हाई हे कोणं सांगावं?”

तातेराव बुचकळ्यात पडले. मागे बसलेला म्हातारा संतराम गुरव म्हणाला, “माती देणारानं सांगावं. रीत तीच हाय.”

“मग म्या सांगतो. उठला न्हाई.”

“अन् हे माणूस?”

“आकोल्याचं पाव्हणं हाय. वाडवडलांच्या समाध्या पाहाया आलं होतं. पाहून झाल्या.”

“बुवा, दोन दिस दिवे लावले त्यानं. समद्यांनी पाह्यलं.”

“पाव्हण्यानं लावले. त्याचा दोस माझ्याकडं. कापसाचं, विहिरीचं, समदं माझ्याकडं. म्या शीव वलांडली म्हणून झालं म्हणा.” त्याने फावडं टेकवलं. “त्याला जाऊ द्या.”

तातेरावांनी उद्धवगीरकडे बराच वेळ बघितलं. खेळगड्याला पुन्हा एकदा बघून घेतलं म्हणा, किंवा गावाच्या कापसाचा हिशेब मनात केला म्हणा.

“बराबर हाय,” ते शेवटी म्हणाले आणि उठले. पाटील उठले तसे बाकीचेही उठले.

उद्धवगीर मागच्या भिंतीशी गेला. निंबाखाली डोकं टेकून आला. येताना त्याने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि खड्ड्यात टाकलं.

“बंडी सरली,” तो म्हणाला. “काही तरी पायजे आत.”

माणिकगीरने ती निळी चिंधी उपरण्यावर ठेवली. मग पहिली मूठ हाताने घातली, आणि पुढची माती फावड्याने.

चतुराबाई घरातून घोंगडी घेऊन आली. माणिकगीरची होती, एकच होती. “थंडी हाय वाटंला,” एवढंच ती म्हणाली आणि दिराच्या हातात दिली. नवऱ्याकडे तिने पाहिलं नाही. उद्धवगीर दरवाजापर्यंत गेला, काही बोलावं म्हणून वळला. माणिकगीर पाठ करून दगड सरळ करत होता, म्हणून तो तसाच गेला.

“सरलेला काय सांगू?” चतुराबाईने आतून विचारलं. आवाज कोरडा होता.

“घर चांगलं हाय म्हणावं. उंबरा तेवढा उंच हाय, जपून चाल म्हणावं.”

“आन आबा पुन्हा कवा येतील म्हणू?”

त्याने पटका ताटातून उचलून डोक्याला गुंडाळला आणि बुधली घेतली.

तिन्हीसांज झाली. सोमगीर. सोमगीराचे बळीगीर. आवारात कुणी नव्हतं. वारा पडला होता, वाती चटकन धरत होत्या. भवानगीराचे मोतीगीर म्हणून त्याने सातवा दिवा लावला, ताज्या मातीपुढे आला, पणतीत तेल घातलं आणि थांबला.

मध्ये थांबायचं नसतं. पण खिंडीला चढ आहे, उद्धव आता तरणा राहिलेला नाही, आणि घोंगडी जड आहे. तो अजून ओढ्यापाशी असेल. आता वाट वळते तिथे असेल. काकड्याची काजळी माणिकगीरच्या बोटावर उतरली, त्याने तो दुसऱ्या हातात घेतला. घरातून चतुराबाईने विचारलं, “काय झालं?”

“वात ओली हाय,” तो म्हणाला.

मग उद्धव बाभळीपाशी पोचला असेल असं वाटलं, आणि तिथे पोचलेला माणूस वळून बघतोच, तेव्हा माणिकगीरने आठवा दिवा लावला.